शेवटचे चार आकडे

सव्वीस वर्षांत रोशेल पेटवेची सुई कधी चुकली नव्हती असं नाही, पण अशा हातात कधी चुकली नव्हती. गोरापान, कोपराच्या वर बाही सारलेला हात आणि त्यात निळी, फुगलेली, लांबूनसुद्धा दिसणारी शीर. असे हात नव्या मुलींना शिकायला देतात. फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागातल्या त्या हॉस्पिटलात रोशेलकडे यायचे ते अवघड हात. औषधांनी जळून गेलेल्या शिरांचे, हाडाला कातडी चिकटलेल्या म्हाताऱ्यांचे, सुई बघूनच घामेजणाऱ्या दांडग्या गड्यांचे. कुणाची शीर सापडेना की बाकीच्या म्हणायच्या, पेटवेबाईंकडे पाठवा. ती डोळ्यांनी शोधतच नसे. दोन बोटं टेकवायची, आणि कातडीखाली जिथे काही किंचित उसळतं तिथे थांबायची. तर एप्रिलमधल्या त्या गुरुवारी सकाळी ही गोरी बाई खुर्चीत बसली, रबरी पट्टा बांधून झाला, आणि तिने रोशेलच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"पेटवे? म्हणजे सिमोनची आई तुम्ही?"

"हो."

"अगं बाई! मी हॅलोरन. तिच्या शाळेतली. कॉलेजच्या अर्जांचं मीच बघते. तिच्या निबंधाचे सात खर्डे वाचलेत मी, सात! आणि सातव्यालाही रडले." मग बाईंनी आवाज खाली आणला. "तुमच्यावर तिथे जे गुदरलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि तरी तुम्ही तिला ते लिहू दिलंत. केवढं मोठं मन लागतं त्याला."

सुई तेव्हा आत गेली होती. शिरेत गेली नव्हती. बाईंच्या हातावर वाटाण्याएवढं टेंगूळ उठलं, आणि रोशेलने सुई काढून कापूस दाबून धरला. "माफ करा हं," ती म्हणाली. "छे छे, माझाच हात हलला," बाई म्हणाल्या. तो हलला नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या हातातून तीन नळ्या भरून घेताना बाई बोलतच राहिल्या: शाळेने यंदाचे सहा उत्तम निबंध छापले आहेत, वेबसाइटवरही आहेत, शनिवारी सकाळी सभागृहात मुलं ते वाचून दाखवणार आहेत. "सिमोनचं झालं की आम्ही तुम्हाला उभं राहायला सांगणार आहोत. येणार ना? तिने सांगितलं असेलच." रोशेल म्हणाली, "सांगितलंय." आपल्या पोरीला परक्या बाईसमोर खोटं कसं पाडायचं? एवढी अक्कल तर कोणत्याही आईला असते.

मधल्या सुट्टीत ती मागच्या जिन्यात गेली. तिथे एक उभी अरुंद खिडकी होती आणि खाली रुग्णवाहिका वळायच्या. फोनवर शाळेचं पान उघडायला वेळ लागला. सिमोनने सांगितलं होतं की पुस्तिकेच्या प्रती संपल्या, मॉम, पुन्हा छापल्या की आणते. निबंध सापडला. 'माझी आई ज्या वर्गात नापास झाली, त्या वर्गात मला जाऊन बसायचं आहे.' हे पहिलं वाक्य. रोशेलने ते वाचलं आणि तिला वाटलं, हे कुणा दुसऱ्याच्या पोरीचं असणार. मग दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. डोंगरातलं ते कॉलेज त्यात होतं, बर्फ होता, वसतिगृहाच्या मजल्यावर काळ्या मुली दोनच होत्या हे होतं. खोलीतल्या मैत्रिणीने कॉलेजच्या पेपरात लेख लिहिला हे होतं, आणि त्या लेखातला आकडाही होता. प्रवेशपरीक्षेत सोळाशेपैकी एक हजार नव्वद. एकतीस वर्षांपूर्वी एकदा छापला गेलेला आकडा, तिच्या पोटच्या पोरीने पुन्हा छापला होता. 'त्यानंतर माझी आई खचली. खिडकीपाशी बसून रडत राहायची. डिसेंबरात ती रसायनाच्या परीक्षेत नापास झाली आणि सामान बांधून घरी आली. आता ती लोकांचं रक्त काढते. तिचा हात फार हलका आहे.' आईचं नाव कुठेही नव्हतं. त्या वेळच्या लेखातही नव्हतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. बोट लावून पाहावं तर रक्त येत नाही, आणि मान तर कापलेली. रोशेलला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला आधी थंडी वाजली. आपल्या घरात, आपल्याच टेबलावर, आपण मॅकरोनीवर चीज पसरत असताना पलीकडे ही पोरगी हे लिहीत होती, आणि मान वर करून विचारत होती, मॉम, अजून किती वेळ? गेल्या हिवाळ्याआधीचा सगळा काळ त्या टेबलावर अर्जच अर्ज होते. दर अर्जात, मदतीच्या दर फॉर्मवर, आईच्या सोशल सिक्युरिटी नंबराचे, म्हणजे ज्याला त्याला मिळणाऱ्या सरकारी नंबराचे, शेवटचे चार आकडे लागायचे. "मॉम, तुझे चार?" सिमोन ओरडायची. "चार चार सात एक," रोशेल शेगडीकडे तोंड करूनच सांगायची. पुढे पुढे सिमोन स्वतःच म्हणायची, "चार चार सात एक, चार चार सात एक. मला आता माझा वाढदिवस आठवत नाही, पण हे आकडे झोपेत विचार." दोघी हसायच्या. असलं हसू आठवायला नको अशा वेळी, पण तेच आधी आठवतं.

त्या अर्जांतून एक रकाना निघून गेला होता, म्हणजे होता तिथेच, पण कॉलेजांनी त्याच्याकडे पाहायचं नाही असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाने निकाल दिला: मुलाचा वर्ण बघून प्रवेश द्यायचा नाही. मात्र त्या वर्णापायी आयुष्यात काय सोसलं हे मुलाने निबंधात लिहिलं, तर ते वाचायला हरकत नाही. झालं. शहाण्यांनी पुढचं दार लावलं आणि मागची खिडकी किलकिली ठेवली, आणि सगळ्या शहरातल्या काळ्या पोरांना सांगण्यात आलं की यातून आत यायचं असेल तर अंगावरची जखम दाखवत या. चर्चमध्ये आयांची ही चर्चा चाले. एकीचा मुलगा म्हणे, मला पोलिसांनी कधी अडवलंच नाही, आता मी काय लिहू? बायका हसल्या होत्या. रोशेलही हसली होती. तेव्हा तिला कळायला हवं होतं. तिने सिमोनला जन्मभर पदराखाली ठेवलं होतं. चांगली शाळा, व्हायोलिन, उन्हाळी शिबिरं, दुकानात मागे मागे फिरणारा पहारेकरी दिसला की पोरीच्या नजरेस पडायच्या आत तिला बाहेर काढणं. त्या पोरीच्या अंगावर दाखवण्याजोगा ओरखडाच नव्हता. मग तिने तो आईच्या अंगावरचा घेतला, न विचारता, कपाटातून स्वेटर काढून न्यावा तसा.

पण हा ओरखडा तिला दिसला कसा? रोशेलने जिन्यातूनच बहिणीला फोन लावला.

"बर्नी, सिमोनला तू काय सांगितलंस?"

"कशाबद्दल? मी दिवसाकाठी तिला शंभर गोष्टी सांगते."

"माझ्या कॉलेजबद्दल."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "हे बघ रो, पोरीने सरळ विचारलं. म्हणाली, मावशी, आजोबांना पक्षाघाताचा झटका आला म्हणून मॉम परत आली ना? आता मी काय सांगू? आपले डॅडी पडले फेब्रुवारीत. तू ख्रिसमसला घरी होतीस, माझ्या हातचा हॅम खाल्लास. मी काय बोटं मोजायला विसरले?"

"पुढे?"

"पुढे काय? म्हटलं, एका गोरीने पेपरात काहीबाही लिहिलं, त्याने तिचा धीर सुटला, रसायनाचा अभ्यास झेपला नाही, आली परत. त्यात लाजायचं काय? आम्ही कुणी तुला कधी टोचून बोललो?"

"अभ्यास झेपला नाही, असं मी तुला कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं गं?" बर्नी अगदी मायेने म्हणाली. "आम्हाला काय कळत नव्हतं?"

रोशेलने फोन ठेवला. एकतीस वर्षं घरातल्या सगळ्यांना कळत होतं. आईला कळत होतं, म्हणून ती मरेपर्यंत डॅडींच्या आजारपणाचीच गोष्ट सांगत राहिली, महिने पुढेमागे करून. सगळे सांभाळून घेत होते तिला. कुणी टोचून बोललं नाही हे खरंच होतं. टोचून बोलले असते तर निदान तोंड उघडता आलं असतं. आणि रागाची ही एवढी मोठी पाटी घेऊन ती कुणाच्या दारात उभी राहणार होती? झटक्याची थाप मूळ तिचीच.

दुपारभर हात आपापलं काम करत राहिले आणि ती त्या डोंगरातल्या खोलीत जाऊन बसली. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, मेरेडिथचा लाल गालिचा. मेरेडिथ वाईट मुलगी नव्हती, हेच तर दुखणं. वाईट माणसाने दगा दिला तर माणूस म्हणतं, जळो, मला ठाऊकच होतं. रोशेल केसांना तेल लावायला बसली की मेरेडिथ मागे उभी राहून भांग धरायची, स्वतःच्या घरून आलेले डबे अर्धे करून द्यायची, आणि रसायनाच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती रडकुंडीला आली की रोशेल तिला अणूंचे हात कुणाच्या गळ्यात कसे पडतात ते कागदावर काढून दाखवायची. "तू नसतीस तर मी मेले असते," मेरेडिथ म्हणायची. अशाच एका संध्याकाळी पॉपकॉर्न खाता खाता गुणांचा विषय निघाला. मेरेडिथने आपले सांगितले, तेराशे चाळीस. रोशेलने आपले सांगितले. तिच्या शाळेत शिकवणीला कुणी नव्हतं, परीक्षेच्या दिवशी वर्ग उबदार ठेवणारी गॅसची शेगडी बंद पडली होती, हेही सांगितलं, गंमत म्हणून. मेरेडिथ हसली. ऑक्टोबरात तो लेख आला. समतेच्या नावाखाली आपण कुणाचं भलं करतो आहोत, असा काहीसा मथळा. 'माझ्या एका अत्यंत जवळच्या मैत्रिणीला एक हजार नव्वद गुण होते. ती गोड आहे, कष्टाळू आहे. पण जिथे तिचा निभाव लागणार नाही तिथे तिला आणून बसवणं ही दया नव्हे.' अत्यंत जवळची! त्या मजल्यावर काळ्या मुली दोन, आणि दुसरी तर टेनिसच्या संघातली. जेवणघरात ट्रे घेऊन उभं राहिलं की सगळं टेबल एकदम मिठाची बाटली शोधू लागायचं. रोशेलने विचारलं तेव्हा मेरेडिथचे डोळे खरोखर भरून आले. "पण मी तुझं नाव कुठे घातलंय?" ती म्हणाली. "आणि मी तुझ्याच बाजूने लिहिलंय गं."

रोशेल खिडकीपाशी बसून रडली नाही. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. ती ग्रंथालयाच्या तळघरात गरम पाण्याच्या नळ्यांशेजारी जाऊन बसली आणि ऑक्टोबर ते डिसेंबर रसायन वाचत राहिली, बोटं शाईने निळी होईपर्यंत, जेवणघर टाळण्यासाठी खिशात पावाचे तुकडे कोंबून. परीक्षा झाली. त्या काळी निकाल लावायची तिथली रीत अशी की प्राध्यापकांच्या दाराबाहेर एक टंकलिखित कागद टाचण्यांनी लावायचा, वरून खाली गुणांच्या क्रमाने, आणि नावं नाहीत, कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून. नावाऐवजी ज्याच्या त्याच्या सरकारी नंबराचे शेवटचे चार आकडे. एकतीस मुलं, एकतीस ओळी. ती गेली तेव्हा वर्गातली दोन मुलं आणि मेरेडिथ तिथे आधीच होती. रोशेलला आपले आकडे चटकन दिसले, कारण ते फार वर होते. पहिली ओळ कुणाची तरी, आणि दुसरी, चार चार सात एक. ती तोंड उघडणार तेवढ्यात त्या दोघांतल्या एकाचं बोट कागदाच्या तळाशी गेलं. "बिचारा शेवटचा कोण असेल?" तो म्हणाला, आणि मग त्याला रोशेल दिसली. त्याने बोट काढून घेतलं. फार सभ्यपणे काढून घेतलं, न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यावर माणूस मागे सरतो तसं. दुसरा बुटाच्या नाडीशी वाकला. आणि मेरेडिथने, जिचा नंबर बारावा होता आणि तोही रोशेलच्या कागदांवर पोसलेला, तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे," ती पुटपुटली. "पुढच्या सत्राला आपण मिळून करू. मी मदत करीन तुला."

तेव्हा नुसतं बोट उचलायचं होतं. दुसऱ्या ओळीवर टेकवायचं आणि म्हणायचं, ही मी. गेली एकतीस वर्षं रोशेलने ते बोट उचलून पाहिलं आहे, भांडी घासताना, नळ्यांवर चिठ्ठ्या डकवताना. पण दर वेळी तिला पुढचंही ऐकू येतं. मेरेडिथ डोळे मोठे करून म्हणते, "खरंच?" बस, एवढंच. मग त्या खरंचला उत्तर म्हणून ओळखपत्र काढायचं, आकडे जुळवून दाखवायचे, आणि तरी त्या दोघांच्या चेहऱ्यावर, कशी काय बुवा, हे उमटलेलं पाहायचं. पेपरात लेख आला तो दिवस तिने सोसला होता. ते एक खरंच तिला सोसवलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली. ते तिघं गेल्यावर तिने चारही टाचण्या काढल्या, कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. तिच्या आयुष्यातली ती एकुलती एक चोरी. मागून आलेल्या पोरांना रिकामी भिंत दिसली असेल. दोन दिवसांनी ती घरच्या बसमध्ये बसली.

संध्याकाळी ट्रॅममधून उतरून ती घरी आली तेव्हा बाहेर चांगला उजेड होता आणि शेजारची कुणी पायऱ्यांवर बसून वॉटर आइस, म्हणजे सरबताचा बर्फ, खात होती. सिमोन स्वयंपाकघरात टेबलाशी होती. अंगात डोंगरातल्या त्याच कॉलेजचा नवा हिरवा सदरा. मार्चमध्ये पत्र आलं तेव्हा पोरगी नाचली होती आणि रोशेल पण तिच्याबरोबर नाचली होती. नऊ अर्जांत तो एक होता. तिथे कशाला, असं विचारायचं तर का नको हे सांगावं लागलं असतं.

"हॅलोरनबाई आल्या होत्या आज," रोशेल पर्स ठेवत म्हणाली. "रक्त द्यायला."

सिमोनच्या हातातली पेन्सिल थांबली. "वाचलास तू."

"वाचला."

"मी सांगणार होते. शनिवारच्या आधी सांगणारच होते. मॉम, तुला राग आला? पण मी तुझं नाव कुठे घातलंय?"

तेच शब्द, त्याच निरागस सुरात, आणि या वेळी तिच्याच नाकाडोळ्यांच्या तोंडून.

"मी तुझ्या बाजूने लिहिलंय," सिमोन घाईघाईने म्हणाली. "तो लेख मी शोधून काढला, त्यांच्या जुन्या अंकांत. वाचून मला इतकी चीड आली! मला वाटलं, लोकांना कळू दे तुला काय काय सोसावं लागलं. तुला अभिमान वाटेल असं वाटलं मला."

"आणि खिडकीपाशी रडणं? ते कुणी पाहिलं?"

"ते... हॅलोरनबाई म्हणाल्या, काहीतरी डोळ्यांसमोर उभं राहायला हवं."

"आणि नापास?"

सिमोन एकदम उसळली. "मग मी काय लिहिणार होते? सांग ना! माझं काय झालंय आजवर? तू मला काही होऊच दिलं नाहीस! व्हायोलिनवर लिहू? पहिला खर्डा व्हायोलिनवरच होता. बाई म्हणाल्या, छान आहे, पण यात तू कुठे पडत नाहीस. पडल्याशिवाय उठणार कशी? माझ्याजवळ पडणं नव्हतं मॉम. तुझ्याजवळ होतं." ती रडू लागली. "आणि तू नापास झालीस त्याने मला काहीच फरक पडत नाही. खरंच नाही. मला तू तशीच आवडतेस."

ही माया. हाच बर्नीचा सूर, हाच पाठीवरचा हात. एक हजार नव्वद पुन्हा छापला याची रोशेलने कदाचित समजूत घातली असती, मनाची. लेकराने आईचं घेतलं, तर कुणाचं घेतलं? पण ज्या एका माणसाने मेरेडिथचा लेख वाचून चिडून उठावं, त्याच माणसाने तो लेख खरा मानला होता. जिथे तिचा निभाव लागणार नाही. पोरीने चीड आणली, अश्रू आणले, आणि त्या वाक्यावर विश्वासही ठेवला. आणि शनिवारी भरल्या सभागृहात आईने उठून उभं राहायचं होतं, नापास झालेली, हलक्या हाताची.

रोशेल आतल्या खोलीत गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा तो निळा गोल डबा होता, ज्यात बिस्किटं कोणत्याच घरात नसतात, सुईदोरा असतो. बटणांच्या तळाशी कागद होता. घड्यांवर पिवळा पडलेला, चार कोपऱ्यांना टाचण्यांची चार भोकं. आजवर तो तिने कुणाला दाखवला नव्हता. नवऱ्यालाही नाही, तो होता तेव्हा. बाहेर येऊन तिने पेन्सिली बाजूला सारल्या आणि कागद सिमोनपुढे पसरला.

"हे काय?" सिमोनने नाक पुसत विचारलं.

"त्या परीक्षेची यादी. वरून खाली, गुणांप्रमाणे. नावं नाहीत, शेवटचे चार आकडे आहेत. माझे तुला झोपेतसुद्धा येतात ना? शोध."

सिमोनने एकदा आईकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. मग ती पुढे वाकली, आणि कुठे फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने, तिने बोट टेकवलं. सगळ्यात खालच्या ओळीवर. ती नव्हे. तिसावी. ती नव्हे. एकोणतिसावी. ओठांतल्या ओठांत चार चार सात एक म्हणत ते बोट एकेक ओळ वर सरकू लागलं.

रोशेलने खुर्ची ओढली आणि ती समोर बसली. पोरीला अजून पुष्कळ वर यायचं होतं.